विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : ११ सप्टेंबर १८९५, गागोदे; मृत्यू : १५ नोव्हेंबर १९८२, पवनार) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, गीतेचे भाष्यकार, बहुभाषाभ्यासक व भूदान चळवळीचे प्रणेते होते. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात महात्मा गांधींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. १९५१ ते १९६४ या काळात त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागत भारताच्या बहुतेक प्रांतांतून पायी प्रवास केला. अपरिचित प्रदेश पायी चालून जाणणे, तेथील भाषा व संतसाहित्य आत्मसात करणे आणि जाणलेले स्मरणात साठवणे ही त्यांच्या कार्याची पद्धत होती. वर्धा जिल्ह्यातील नालवाडी या गावी १९३२ ते १९३८ या काळात त्यांनी केलेले ग्रामसेवेचे प्रयोग हा त्यांच्या पुढील कार्याचा पाया मानला जातो.

बालपण व शिक्षण

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (सध्याच्या रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे येथे झाला. आजोबा शंभुराव हे धर्मनिष्ठ, पण उदार वृत्तीचे होते. वडील नरहरी शंभुराव भावे यांना विज्ञानाची, विशेषतः रंगांच्या रसायनशास्त्राची आवड होती. नोकरीनिमित्त ते बडोद्यास राहत. आई रुक्मिणीबाई यांना संतांची अनेक पदे व अभंग मुखोद्गत होते. पाठांतराचा पहिला संस्कार विनोबांवर आईकडून झाला. बाळकोबा व शिवाजी हे त्यांचे धाकटे बंधूही पुढे गांधीविचाराच्या कार्यात आजन्म राहिले.

कुटुंब बडोद्यास स्थायिक झाल्यावर विनोबांचे शालेय शिक्षण तेथे झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता. दुसरी भाषा म्हणून त्यांनी फ्रेंच घेतली होती. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतंत्रपणे केला. वर्गातील अभ्यासापेक्षा बडोद्याच्या ग्रंथालयातील वाचन व मित्रांसमवेत तासन्‌तास केलेली पायी भटकंती यांत त्यांचा अधिक वेळ जाई. मित्रांच्या सहकार्याने त्यांनी विद्यार्थी मंडळ ही संस्था काढली होती. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

गृहत्याग व गांधीजींची भेट

मार्च १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीला गेले. त्यापूर्वीच त्यांनी आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली होती. हिमालयाची अध्यात्मसाधना आणि बंगालची क्रांती या दोन्हींचे त्यांना आकर्षण होते. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात फेब्रुवारी १९१६ मध्ये गांधीजींनी केलेल्या भाषणाची चर्चा शहरात अद्याप चालू होती. तिने प्रभावित होऊन विनोबांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची भेट घेतली. त्यानंतर ते आश्रमवासी झाले. विनोबा हे नाव त्यांना गांधीजींनी दिले.

१९१७ साली एक वर्षाची रजा घेऊन विनोबा वाई येथे गेले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांच्याकडे त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य इत्यादींचे अध्ययन केले. याच वर्षी त्यांनी महाराष्ट्रात सुमारे ४०० मैलांची पदयात्रा केली. वाटेतील गावांत ते गीतेवर प्रवचने करीत व किल्ले पाहत. ठरलेली मुदत संपताच ते आश्रमात परतले. ही त्यांची पहिली मोठी पदयात्रा होय. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांच्या आईचे निधन झाले.

वर्धा आश्रम

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी वर्धा येथे आश्रमाची शाखा काढण्याचे ठरवले व तिची जबाबदारी विनोबांवर सोपवली. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले. पुढील सहा दशके वर्धा परिसर हीच त्यांची कर्मभूमी राहिली. १९२३ मध्ये त्यांनी महाराष्ट्र-धर्म हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. गांधीजींच्या सांगण्यावरून ते केरळातील वायकोम सत्याग्रहाच्या ठिकाणीही जाऊन आले.

आईला संस्कृत गीता समजत नसे व तिला सोपे मराठी भाषांतर हवे होते. तिच्या या इच्छेतून गीताई हा समश्लोकी अनुवाद झाला. ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभलेले हे काम ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली व गीता-प्रवचने या नावाने प्रसिद्ध झाली. भारतातील अनेक भाषांत या ग्रंथाचे अनुवाद झाले.

नालवाडीतील वास्तव्य

नालवाडी हे वर्धा शहरालगतचे गाव. तेथे प्रामुख्याने तत्कालीन अस्पृश्य समाजाची वस्ती होती. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला गती आली. २३ डिसेंबर १९३२ रोजी विनोबा आश्रम सोडून नालवाडीत राहावयास गेले. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या वस्तीतच राहावे व त्यांच्याइतक्याच मिळकतीत निर्वाह करावा, ही त्यामागची भूमिका होती.

येथे त्यांनी केवळ कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. रोज अनेक तास सूत कातून जे मिळे त्यातच आहार भागवावयाचा, असा नियम होता. पूर्ण दिवस कातूनही कातणाऱ्याचे पोट भरत नाही, हे या प्रयोगातून त्यांच्या प्रत्यक्ष अनुभवास आले. कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळावी हा विषय त्याच सुमारास, १९३५ मध्ये, अखिल भारत चरखा संघाच्या धोरणाचा भाग झाला.

नालवाडीहून विनोबा व त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत पायी फिरत. गावात शाळा, विहीर व शेती यांची काय अवस्था आहे, कर्ज किती, रोग कोणते, याची माहिती ते घरोघर जाऊन घेत. या फेऱ्यांतूनच कार्यकर्त्यांना कामाचे विषय मिळाले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. खादी व ग्रामोद्योगाची कामे या संस्थेमार्फत होऊ लागली. मृत जनावरांच्या कातड्यापासून चामडे कमावणारे चर्मालय गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडीत चालवले. खेड्यांत कुष्ठरुग्णांची झालेली आबाळ पाहून मनोहर दिवाण यांनी त्यांच्या सेवेचे काम अंगावर घेतले. त्यातून नालवाडीजवळील दत्तपूर येथे १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे केंद्र उभे राहिले.

अपुरा आहार व अतिश्रम यांमुळे विनोबांची प्रकृती फार खालावली. हवापालटासाठी ७ मार्च १९३८ रोजी ते पवनार येथे धाम नदीच्या काठी राहावयास गेले. या स्थानाला त्यांनी परमधाम हे नाव दिले. तथापि पायी जाऊन गाव जाणण्याची नालवाडीतील सवय पुढेही टिकली. १९४६ ते १९४८ या काळात ते पवनारहून जवळच्या सुरगावला रोज पायी जात व खांद्यावर फावडे घेऊन गावाची सफाई करीत.

वैयक्तिक सत्याग्रह व कारावास

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. यापूर्वी त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेर फारसे परिचित नव्हते. पुढील वर्षभरात त्यांना तीन वेळा कारावास झाला. १९४२ च्या चळवळीत ते पुन्हा पकडले गेले; १९४५ पर्यंत ते वेल्लोर व सिवनी येथील तुरुंगांत होते. वेल्लोर येथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चारही दक्षिणी भाषांचा एकाच वेळी अभ्यास केला. कुराण मुळातून वाचता यावे यासाठी ते अरबीही शिकले होते. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी दिल्ली व मेवात भागात निर्वासित आणि मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाचे काम केले.

भूदान पदयात्रा

१९५१ मध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबांनी सुमारे ३०० मैलांचे हे अंतर पायी कापण्याचे ठरवले व ८ मार्च रोजी ते निघाले. संमेलनानंतर त्यांनी तेलंगणातून पायी परतण्याचा निर्णय घेतला. जमीनदार व साम्यवादी कार्यकर्ते यांच्या सशस्त्र संघर्षामुळे हा प्रदेश अशांत होता. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे ४० हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची मागणी केली. सभेत विनोबांनी ही मागणी गावासमोर ठेवली असता रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. हे पहिले भूदान होय. तेलंगणातील ५१ दिवसांत सुमारे १२,००० एकर जमीन मिळाली.

नियोजन आयोगाशी चर्चा करण्यासाठी पंडित नेहरूंनी बोलावले, तेव्हाही विनोबा पायीच गेले. १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून निघून ते नोव्हेंबरात दिल्लीस पोहोचले. तेथून उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, मध्य प्रदेश व आसाम असा त्यांचा प्रवास झाला. एकट्या बिहारमध्ये ते दोन वर्षांहून अधिक काळ होते व तेथे २० लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरौठ हे पहिले ग्रामदानी गाव ठरले. ओरिसातील कोरापुट या आदिवासीबहुल जिल्ह्यात अनेक ग्रामदाने झाली.

दिनक्रम ठरलेला असे. पहाटे अंधारातच, कंदिलाच्या उजेडात वाटचाल सुरू होई. सरासरी १० ते १२ मैल चालून नव्या गावी पडाव पडे. दिवसा गावकऱ्यांच्या भेटी, सायंकाळी प्रार्थना व सभा होई. दुसऱ्या पहाटे पुढील, पुन्हा अपरिचित गावाची वाट धरली जाई. प्रवासात अडचणी व धोकेही होते. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमधील चांडिल येथे मलेरियाने ते मरणोन्मुख झाले. १९ सप्टेंबर १९५३ रोजी देवघर येथील वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह प्रवेश करताना त्यांच्यावर हल्ला झाला व त्यांच्या कानाला इजा झाली. मे १९५८ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात त्यांनी अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह दर्शन घेतले. १९५९ मध्ये त्यांनी पीरपंजालची पर्वतरांग पायी ओलांडली. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात सुमारे २० दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून १६ दिवस चालले व तेथेही भूदान मिळाले. तेरा वर्षांनी, १० एप्रिल १९६४ रोजी, ते पवनारला परतले.

भाषा व स्मरण

विनोबांना उपनिषदे, गीता आणि मराठी संतांची हजारो वचने मुखोद्गत होती. ज्या प्रांतात यात्रा असे, तेथील भाषेतील संतवाङ्मय ते चालताना व मुक्कामी अभ्यासत आणि सभांतून त्याच आधारे बोलत. ओरिसात जगन्नाथदासांचे भागवत, आसामात माधवदेवांचा नामघोषा, पंजाबात गुरू नानकांचे जपुजी हे ग्रंथ त्यांनी असेच आत्मसात केले. नामघोषासार, कुराणसार, ख्रिस्तधर्मसार यांसारखी त्यांची संकलने या अभ्यासातून सिद्ध झाली. परक्या प्रांताशी जवळीक साधण्याचा मार्ग तेथील लोकांच्या मुखी असलेल्या साहित्यातून जातो, अशी त्यांची धारणा होती. सर्व भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरी लिपीही वापरावी, असा त्यांचा आग्रह होता.

अपरिचित प्रदेशात प्राणी वाट कशी शोधतो व तो प्रदेश लक्षात कसा ठेवतो, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास याच काळात आकार घेत होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले की, प्राणी केवळ वळणांची साखळी पाठ करीत नाही, तर परिसराचा नकाशा मनात तयार करतो. १९७१ मध्ये लंडन येथे जॉन ओकीफ व जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट जागी आल्यावरच उद्दीपित होणाऱ्या पेशी आढळल्या. त्यांना स्थानपेशी म्हणतात. प्राणी नव्या जागी वावरू लागला की थोड्याच वेळात त्या जागेसाठी या पेशींची स्वतंत्र मांडणी तयार होते. २००५ मध्ये नॉर्वेतील माय-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्या गटाने शेजारच्या भागात अंतर व दिशा यांचा हिशेब ठेवणाऱ्या जालकपेशी दाखवून दिल्या. ओकीफ व मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतःच्या हालचालीतून मिळणारे संकेत हा या नकाशाचा एक मुख्य आधार असतो. हिप्पोकॅम्पस हाच भाग घटनांच्या स्मरणासाठीही आवश्यक आहे. तो दोन्ही बाजूंनी निकामी झाल्यास नव्या घटना लक्षात राहत नाहीत. स्थळ व स्मरण यांची सांगड अशी मेंदूच्या रचनेतच आढळते. विनोबांच्या कार्याशी या संशोधनाचा थेट संबंध नाही; मात्र चालत जाऊन प्रदेश लक्षात ठेवण्याची जी पद्धत त्यांनी अनुभवाने स्वीकारली, तिच्यामागील शरीरधर्म त्यातून समजण्यास मदत होते.

भूदानाचे मूल्यमापन

१९५७ पर्यंत ५ कोटी एकर जमीन मिळवण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली. कायद्याच्या बळाविना एवढी जमीन मागून मिळणे ही अभूतपूर्व घटना मानली जाते. परंतु जाहीर झालेल्या जमिनीपैकी मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचला नाही. काही जमीन नापीक, काही वादग्रस्त वा कज्ज्यात अडकलेली होती. काही दात्यांनी वा त्यांच्या वारसांनी नंतर दाने नाकारली. बिहार भूदान यज्ञ अधिनियम, १९५४ यासारखे कायदे निरनिराळ्या राज्यांनी केले, तरी मोजणी, नोंद व ताबा ही कामे संथ राहिली.

या त्रुटीचे एक कारण यात्रेच्या स्वरूपातच होते. नालवाडीत विनोबा पाच वर्षांहून अधिक काळ एकाच परिसरात राहिले. तेथील गरज त्यांना कळली आणि तिच्यासाठी संस्थाही उभ्या राहिल्या. भूदान यात्रेत मात्र ते बहुधा दुसऱ्या दिवशी पुढे निघून जात व मागे राहिलेले काम स्थानिक कार्यकर्त्यांवर आणि महसूल खात्यावर पडे. गाव पायी फिरणाऱ्याच्या स्मरणात राहिले, तरी दानाची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर किंवा तत्सम दप्तरात झाल्याशिवाय भूमिहीनाच्या हाती जमीन येत नसे. जेथे मागे राहून पाठपुरावा करणारे कार्यकर्ते होते तेथे वाटप झाले; इतरत्र दानपत्रे कागदावरच राहिली.

उत्तरायुष्य

२५ मार्च १९५९ रोजी पवनार येथे स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले होते. १९६५ पासून बिहारमध्ये ग्रामदान तूफान ही मोहीम चालली. या वेळी विनोबा वाहनाने फिरले. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला व पवनार सोडणे बंद केले. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनावरून सर्व सेवा संघात मतभेद झाले. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन पाळले. या मौनकाळात आणीबाणीच्या संदर्भात त्यांनी लिहून व्यक्त केलेल्या अनुशासनविषयक मताचा सरकारने आपल्या समर्थनार्थ प्रचार केला व विनोबांवर कठोर टीका झाली. शासन सरकारचे असते, तर अनुशासन आचार्यांचे, असे स्पष्टीकरण त्यांनी नंतर दिले. गोवधबंदीच्या मागणीसाठी एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी उपोषण केले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती बिघडल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध घेण्याचे नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पवनार येथे त्यांचे निधन झाले. धाम नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

सन्मान व वारसा

१९५८ मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठी विनोबांना पहिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. गीताई व गीता-प्रवचने यांखेरीज ईशावास्यवृत्ति, स्थितप्रज्ञ-दर्शन हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. पोचमपल्ली हे गाव आता भूदान पोचमपल्ली या नावाने ओळखले जाते. वर्धा परिसरात पवनारचे ब्रह्मविद्या मंदिर, गोपुरी येथील ग्रामसेवा मंडळ व दत्तपूरचे कुष्ठसेवा केंद्र ही त्यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली स्थाने आहेत. यांपैकी शेवटच्या दोन्हींचा आरंभ नालवाडीच्या काळात झाला.